धाकट्या मालकांची बरची

ही गोष्ट खरी आहे. मी रचलेली नाही, कुठल्या प्रवाशाकडून ऐकलेलीही नाही. ज्याच्यावर ती गुजरली तो माझ्या आईचा बाप. आणि अर्धी गोष्ट आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली.

असले प्रकार रात्री होतात म्हणे.

हा भर दुपारी झाला. सतराशे एकोणसाठ साल, फेब्रुवारीतला शनिवार, प्रशियातल्या आमच्या प्रिग्निट्स भागातलं क्लाइन डार्गो गाव, आणि गावचं चर्च.

माझा आजोबा योखेम टेस्लाफ. आई ही गोष्ट सांगताना त्याला नावानंच म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणतो. योखेम चर्चची घंटा वाजवायचा, रविवारी स्तोत्रं सुरू करून द्यायचा आणि आठवडाभर पोरांना अक्षरं शिकवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. राहायचं घर गावच्या जमीनदारांचं, म्हणजे हवेलीच्या मालकीचं. नोकरीही हवेलीच्याच मर्जीवर.

त्याला एक मुलगा होता. हिन्रिक. आणि एक मुलगी, ट्रीना. ती माझी आई.

हिन्रिक उंच. आमच्या राजाला उंच माणसं फार आवडत. आदल्या वर्षीच्या ईस्टरला हवेलीचे धाकटे मालक, लेफ्टनंट एवाल्ड फॉन डार्झिट्स, पलटणीसाठी पोरं निवडायला गावात आले. त्यांनी हिन्रिकला भिंतीला पाठ लावून उभं केलं. उंची पाहिली आणि हसून म्हणाले, मास्तर, खतपाणी चांगलं घातलंत.

योखेमला त्या वेळी आनंद झाला होता.

हे त्यानं स्वतः कबूल केलं. मरायच्या आधी.

गावातून अकरा पोरं गेली. ऑगस्टमध्ये रशियनांबरोबर मोठी लढाई झाली. अकरांतला एक जखमी होऊन इस्पितळात पडला. दहा परत आली नाहीत. धाकटे मालकही पडले.

नोव्हेंबरमध्ये हवेलीवर एक गाडी आली. मालकांचं प्रेत त्यात नव्हतं. ते तिकडेच पुरलं होतं. गाडीत त्यांचं खोगीर होतं, कमरेचा रेशमी पट्टा होता... आणि त्यांची बरची.

आता ती वस्तू कुणी वापरत नाही. तेव्हा पायदळाच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात बरची असे. माणसापेक्षा उंच काळा दांडा. वर पानासारखा पोलादी फाळ, त्यावर राजाचं चिन्ह कोरलेलं. फाळाखाली आडवी पट्टी आणि दांड्याच्या खालच्या टोकाला लोखंडी टोपी, शेंबी. बंदूक शिपायाची, बरची साहेबाची. ती हातात दिसली की समोरच्यानं टाचा जुळवायच्या. साहेब थांबले की शेंबी जमिनीवर आपटायचे.

ठक्.

थोरल्या बाईसाहेबांनी, म्हणजे धाकट्या मालकांच्या आईनं, ती बरची चर्चमध्ये लावायला सांगितली. हवेलीच्या बाकाच्या वरच्या भिंतीवर. खाली काळी पाटी. पाटीवर सोनेरी अक्षरांत एकच नाव होतं. दहा पोरांची नावं कुठेच नव्हती.

शिडीवर चढून दोन हुक योखेमनंच ठोकले.

आणि त्याची बायको, इल्झाबे, खाली उभी राहून पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. पलटणीच्या पत्रात लिहिलं होतं की हिन्रिक आपल्या साहेबांच्या अगदी जवळ पडला. तिला तेवढाच आधार होता. ती बाईसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, दर शनिवारी ती बरची पुसायचं काम मला द्या.

बाईसाहेबांनी दिलं.

मग दर शनिवारी सकाळी योखेम शिडी लावून बरची खाली काढायचा आणि गोणपाटावर ठेवायचा. इल्झाबे राख नि जवसाचं तेल घेऊन बसायची. फाळ आरशासारखा करायची. बाळाला न्हाऊ घालावं तसं हळू हळू पुसायची. संध्याकाळच्या घंटेआधी योखेम ती परत टांगायचा.

पहिली खूण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली.

पाळकसाहेब राजाच्या सैन्यासाठी प्रार्थना करत होते. सगळ्यांच्या माना खाली. चर्च शांत. आणि मागून...

ठक्.

दगडी फरशीवर लोखंड आपटावं तसा आवाज. योखेमनं डोळे उघडले. मागे कुणी नव्हतं. बरची भिंतीवर होती.

कुणाची तरी काठी पडली असेल, असं त्यानं धरलं.

पुढच्या शनिवारी तो झाडायला गेला तेव्हा दुसरी खूण दिसली. डावीकडचं तिसरं बाक गावातल्या बिनलग्नाच्या पोरांचं. ती अकरा तिथेच दाटीवाटीनं बसायची, प्रवचन चालू असताना कुजबुजायची आणि योखेमचे डोळे पाहून गप्प व्हायची. आता तिथे कुणी बसत नव्हतं. सांगितलं नव्हतं कुणी, पण नाही बसत. त्या बाकाचा एक पाय तोकडा होता, म्हणून ते कायम तिरकं असे. योखेम शाळेत होता तेव्हापासून तिरकं.

त्या दिवशी ते सरळ होतं.

पुढच्या-मागच्या बाकांशी दोरी धरून लावावं इतकं सरळ.

त्यानं ते पायानं ढकलून पुन्हा तिरकं केलं. का केलं, त्यालाच कळलं नाही. रविवारी सकाळी पाहिलं... पुन्हा सरळ.

नाताळच्या आदल्या रविवारी कास्पर ब्लोक गावात परतला. अकरांतला तो एकटा. डावा हात खांद्यापासून नव्हता. तो उशिरा आला आणि दारातच उभा राहिला.

योखेमनं स्तोत्र सुरू केलं. गाव गाऊ लागलं. दुसऱ्या कडव्याला त्याच्या लक्षात आलं की ताल आपल्या हातात राहिलेला नाही. तो हळू गायला पाहत होता, पण गाणं त्याला ओढून नेत होतं. आणि गाण्याच्या खालून...

ठक्. ठक्. ठक्. ठक्.

म्हातारे, बायका, लेकुरवाळ्या, सगळे त्या ठोक्यावर गात होते. कुणाला कळत नव्हतं. कवायत चालावी तसं ते स्तोत्र चाललं होतं.

दारातल्या कास्परचा चेहरा पांढरा पडला होता. तो भिंतीवरच्या बरचीकडे बघत होता. मग वळला आणि बाहेर गेला.

प्रार्थना संपल्यावर योखेम त्याच्या मागे गेला. कास्पर दफनभूमीच्या कुंपणापाशी बर्फात बसला होता.

"ती इथे कुणी आणली?" कास्परनं विचारलं.

योखेमनं सांगितलं.

कास्पर हसला. वाईट हसू. "आम्ही तिला मालकांची पट्टी म्हणायचो. तुमच्या शाळेतल्या पट्टीसारखी, मास्तर. तुमच्या पट्टीला टोक नव्हतं, एवढाच फरक."

"तुलाही ऐकू आलं का?"

"मी आता तेवढंच ऐकतो."

मग त्यानं सांगितलं. धुरात पुढचं काही दिसत नव्हतं. तोफा माणसांच्या रांगाच्या रांगा कापत होत्या. पलटण डगमगू लागली की धाकटे मालक मागे येऊन बरची दोन्ही हातांनी आडवी धरायचे आणि दांडा पोरांच्या पाठींना लावून रांग पुढे ढकलायचे. सगळेच अधिकारी तसं करत. कामच होतं ते.

"माझा हात गेला," कास्पर म्हणाला. "मी खाली पडून ओरडत होतो. आईच्या नावानं ओरडत होतो, मास्तर, खोटं कशाला सांगू. हिन्रिक वळला. पळायला नाही. मला उचलायला वळला. मालक एकदाच म्हणाले, रांगेत. त्यानं ऐकलं नाही."

"मग?"

"मग काय. पट्टी चालली. टोकानं."



कास्पर पुढे म्हणाला, की मालक भित्रे नव्हते. अर्ध्या तासानं त्यांना छातीत गोळी लागली, तोवर ते जागचे हलले नाहीत. कुणालाच हलू दिलं नाही त्यांनी.

"इल्झाबेमावशीला काय सांगू? ती मला विचारायला येणार आहे."

तेव्हा योखेम जे बोलला ते त्याला आयुष्यभर पुरलं.

"काही सांगू नकोस," तो म्हणाला. "तिलाही नको, कुणालाच नको."

कास्परनं सांगितलं नाही. इल्झाबे त्याच्याकडे गरम बिअरचं सूप घेऊन गेली, त्याच्या उशाशी बसली, आणि तो म्हणाला की हिन्रिकला गोळी लागली, लगेच गेला, त्रास झाला नाही. जानेवारीत कास्परची जखम चिघळली. ताप चढला. पाच दिवसांत तो गेला.

आता खरं माहीत असलेला जिवंत माणूस एकच होता.

आणि दर शनिवारी त्याची बायको त्याच्यासमोर तो फाळ पुसत होती.

एकदा ती म्हणाली, आडव्या पट्टीच्या खोबणीत काहीतरी काळं बसलंय, निघता निघत नाही. टाचणी घेऊन खरवडत बसली. योखेम बाहेर गेला आणि ती खरवडायची थांबेपर्यंत बाहेरच राहिला.

मग त्यानं धीर केला आणि हवेलीवर गेला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाईसाहेबांना म्हणाला, चर्चमध्ये ओल फार, वस्तू मोलाची, ती हवेलीतच असलेली बरी.

बाईसाहेब खिडकीशी बसल्या होत्या. काळ्या कपड्यांत, अगदी ताठ. त्या इतक्या ताठ कधी बसत नसत, असं योखेमच्या मनात येऊन गेलं. जणू पाठीला मागून काही लागलेलं होतं. खुर्चीची पाठ तर वीतभर दूर होती.

"ती तिथेच राहील," त्या म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, "तुझ्या पोराला माझ्या एवाल्डच्या शेजारी मरण आलं. आणखी काय हवं होतं तुला?"

सांगायचं असतं तर ती वेळ होती.

योखेमला घर दिसलं. ट्रीना दिसली. चूल दिसली.

"काही नाही, बाईसाहेब," तो म्हणाला.

आता तो फेब्रुवारीतला शनिवार.

सकाळी त्यानं नेहमीसारखी बरची काढून गोणपाटावर ठेवली. शिडी घंटेच्या बुरुजात ठेवली. इल्झाबे जेवण उरकून दोनला चर्चमध्ये गेली. योखेम तीनला निघाला. कडाक्याची थंडी होती, ऊन होतं, बर्फ चकाकत होता. ट्रीना त्याच्याबरोबर होती. आईसाठी शाल घेऊन.

चर्चच्या दारापर्यंत बर्फात एकाच माणसाची पावलं गेली होती. इल्झाबेची.

पण आत ती बोलत होती.

हळू आवाजात. एक वाक्य... मग थांबायची. कुणाचं तरी ऐकावं इतका वेळ. मग पुन्हा एक वाक्य. शब्द कळत नव्हते. मधल्या जागेत दुसरा आवाज नव्हता. नुसती शांतता होती, पण ती शांतता ठरावीक लांबीची होती.

योखेमनं दार ढकललं. बोलणं थांबलं.

इल्झाबे पोरांच्या बाकावर बसली होती. पाठमोरी. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान समोर. बाकाच्या अगदी टोकाला बसली होती, अंग चोरून. पूर्ण बाक रिकामं होतं, तरी जागा अपुरी असल्यासारखी.

गोणपाटही रिकामं होतं.

बरची तिच्या मागे उभी होती.

कशाला टेकलेली नव्हती. कुणी धरलेली नव्हती. मधल्या वाटेत, फरशीवर शेंबी ठेवून, सरळ... उभी. फाळावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. ती हलत नव्हती. आई सांगायची, हलली असती तर इतकी भीती वाटली नसती.

"इल्झाबे," योखेम म्हणाला.

"मोठ्यानं बोलू नकोस," ती म्हणाली. वळली नाही. "पोरं बसली आहेत."

ट्रीनाच्या हातातली शाल खाली पडली.

"तुला माहीत होतं," इल्झाबे म्हणाली.

ना रडली, ना आवाज चढवला. दूध उतू गेलं हे सांगावं तसं म्हणाली. मग पुन्हा एकदा, सावकाश, "नाताळच्या आधीपासून तुला माहीत होतं. आणि तू मला ती बरची पुसू दिलीस."

ठक्.

बरची जराशी वर उचलली गेली आणि खाली आपटली. एकदाच. मग दांडा कलला आणि ती आडवी पडली. घणघणत. चर्चभर तो आवाज घुमला.

योखेम धावला. त्यानं दांडा उचलला. चर्चमध्ये पाण्याच्या बादलीवर बर्फाचा थर होता, माणसाच्या तोंडातून वाफ निघत होती...

दांडा मधोमध गरम होता. हातभर जागेत. कुणीतरी नुकताच सोडावा तसा.

इल्झाबे उठली. शाल उचलून अंगावर घेतली, ट्रीनाचा हात धरला आणि घरी गेली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर ती अठरा वर्षं जगली. त्याच घरात, त्याच चुलीशी. बाकी सगळ्यांशी बोलायची, हसायचीसुद्धा. योखेमशी एक शब्द बोलली नाही. ट्रीनाला म्हणायची, तुझ्या बापाला सांग, वाढलंय. ट्रीना लग्न होऊन गेली तेव्हापासून तेही नाही. ताट ठेवायची आणि निघून जायची.

त्यानं सुरुवातीला खूप विनवण्या केल्या. तुला वाचवायचं होतं, म्हणाला. नोकरीची भीती होती, हेही शेवटी म्हणाला. ती ऐकायची. भिंत ऐकते तसं.

आणि बरची पुसणं तिनं सोडलं नाही.

हे कुणालाच कळलं नाही. ज्या पोलादानं पोर गेलं ते ही बाई दर शनिवारी पुसत बसते! ट्रीनानं एकदा रागानं विचारलं. तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, मी नाही गेले तर धाकटे मालक पोरांना उभं करून ठेवतात. मी असेपर्यंत बसू देतात.

शेवटच्या आजारात माझी आई तिच्याजवळ होती. तिनं धीर करून विचारलं, त्या दिवशी तुला सांगितलं कुणी? कास्पर तर मेला होता. पाळकसाहेबांना माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं. मग कोण बोललं? दादा?

इल्झाबे आढ्याकडे बघत होती.

"मागून आवाज आला," ती म्हणाली. "पोरांना वळायची परवानगी नसते, मलाही नव्हती. माझ्या हिन्रिकचा होता की धाकट्या मालकांचा... मला ओळखता आला नाही, ट्रीने. मी त्याला जन्म दिला. मला ओळखता आला नाही."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

योखेम त्यानंतर दोन वर्षांनी गेला. जायच्या आधी त्यानं सगळं ट्रीनाला सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. त्याला एकच गोष्ट कुरतडत होती. जो कुणी बोलला, त्यानं मारणाऱ्याबद्दल इल्झाबेला काय सांगितलं हे कधी कळलं नाही. तिनं धाकट्या मालकांना एकदाही शाप दिला नाही. पण बापाला माहीत होतं आणि बाप गप्प बसला, हे मात्र त्या बोलणाऱ्यानं तिला नीट सांगितलं. महिन्यासकट.

"पोरगं असेल तर माझ्यावर रागावलंय," योखेम म्हणाला. "आणि मालक असतील, तर त्यांनी आपला माणूस ओळखलाय."

बरची अजून तिथेच आहे. हवेली विकली गेली, नवे मालक आले. पाटीवरची अक्षरं काळवंडली. कुणी ती उतरवली नाही.

आज घंटा वाजवायचं काम माझ्याकडे आहे. खरं सांगतो, मी चर्चमध्ये एकटा गेलो की भिंतीला पाठ लावूनच चालतो. आजवर मला काही दिसलं नाही. काही ऐकूही आलं नाही. ज्यांना ऐकू आलं, त्यांच्या घरातलं कुणीतरी त्या बाकावर होतं.

या मार्चमध्ये, अठराशे तेरा साली, राजानं फ्रेंचांविरुद्ध पुन्हा सैन्य उभारलं. गावात अधिकारी आला. नव्या पद्धतीचा, कमरेला तलवार, बोलायला गोड. माझ्या थोरल्याला त्यानं भिंतीशी उभं केलं आणि उंची पाहिली. पोरगं खूश आहे. सोमवारी निघायचंय.

माझी बायको त्याच्यासाठी मोजे विणते आहे. आमच्या घरात घडलेली ही गोष्ट तिला माहीत नाही.

मी तिला सांगितलेली नाही.